एकाच आडनावाचे दोन नमुने

शहपुऱ्याला एका घरी मी पाणी नाकारलं आणि त्यामुळे माझ्या मुलीचं लग्न ठरलं.

ठरवायचं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी तरी नव्हतं. मी तिथे गेलो होतो ते हे लग्न करता येईल की नाही याची तपासणी करायला. पिशवीत दोन डब्या होत्या, प्रत्येक डबीत दोन लांब काड्या आणि दोन इवल्याशा नळ्या. पण आधी आडनावाचं सांगतो, त्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

आमचं आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर टपालवाल्यालासुद्धा विचारावं लागणार नाही, लोक थेट दारात येतील, इतकं ते दुर्मीळ आहे. आम्ही राहतो त्या जबलपुरात लोक विचारतात, "साउथ के हैं क्या आप?" नागपूरला विचारतात, "कोकणातले का?" आणि एकदा एका कोकणातल्या गृहस्थांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे तुमच्या नागपूरकडचं दिसतंय." थोडक्यात, जिथे जावं तिथले लोक ते दुसरीकडे ढकलतात. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले एवढं घरात सगळ्यांना माहीत. माझे वडील सांगायचे, तलवार घेऊन आले. माझी आत्या सांगते, घोड्यांना चंदी घालायला आले. आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली ती आमच्याकडेच राहते, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. त्यामुळे आम्ही घोड्यांच्या चंदीवर येऊन थांबलो.

हे आडनाव जगात फक्त आमचंच आहे अशी माझी समजूत होती. मुलगी एका प्रशिक्षणाला गेली तोवर. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिथे हजेरीच्या यादीत तिच्या नावाखाली तेच आडनाव असलेला एक मुलगा निघाला, जबलपूरजवळच्या शहपुऱ्याचा, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा. आयोजकांनी दोघांना भाऊ-बहीण समजून पाचही दिवस एकाच टेबलावर बसवलं. पुढचं त्या दोघांनी केलं.

वर्षभराने मुलीने घरी सांगितलं. मुलगा पसंत आहे, त्याच्या घरचे तयार आहेत, तुम्हाला चालेल का? तिची आई लगेच हो म्हणाली. मी मुलाचं शिक्षण विचारलं, उंची विचारली, आणि शेवटी आडनाव विचारलं. आत्या आतल्या खोलीत पडून होती. ती उठून बाहेर आली.

"आपलंच आडनाव? आणि लग्न? भाऊबंदात लग्न करून राहिली का पोरगी?"

"अगं आत्या, भाऊबंद कशावरून?" मी म्हणालो.

"मग कशावरून नाही?"

आता असा प्रश्न आला की लोक काय करतात, गोत्र विचारतात. मुलीने फोन करून विचारलं. त्यांचं गोत्र कश्यप. आमचंही कश्यप. आत्याने कपाळावर हात मारला. पण मग तिलाच आठवलं की आमचं कश्यप हे मूळचं नाहीच. माझ्या आजोबांच्या श्राद्धाला ग्वारीघाटावर पंडितजींनी गोत्र विचारलं, कुणाला सांगता येईना, तेव्हा त्यांनीच देऊन टाकलं होतं. मी दुसऱ्या दिवशी ग्वारीघाटावर जाऊन चौकशी केली. तिथे आता त्यांचा मुलगा बसतो. तो पाट सारत म्हणाला, "जिसको याद नहीं, उसका कश्यप। लिखवा लीजिए, सबका चलता है।" शहपुऱ्याचं कश्यपही असंच सापडलेलं नसेल कशावरून? मग कुलदैवत विचारलं. ते म्हणाले, "नर्मदा मैया।" आमच्याकडेही आत्या सोडून सगळे तेच सांगतात. आत्याला एक देवी आठवते, पण तिचं गाव आठवत नाही.

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, सोडा, दोघांनाही माहीत नाही, करा लग्न. पण मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली आहेत. लॉटमधून नमुना काढायचा, तपासायला पाठवायचा, आणि अहवाल येईपर्यंत कागदावर सही करायची नाही. माझं सगळं आयुष्य सही न करण्यात गेलं. शिवाय मला मुलीचं एक पुस्तक चाळताना कळलं होतं की बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, असं एक गुणसूत्र जसंच्या तसं जातं, आडनाव जातं तसं. म्हणजे मी आणि मुलाचे वडील, दोघांच्या गालातला नमुना पाठवला की झालं. जुळला तर भाऊबंद. नाही जुळला तर वाजवा सनई. आणि कुणी सांगावं, त्या निमित्ताने आडनावाचा मूळ पत्ताही लागेल.

मी हे एवढ्या उत्साहाने सांगितलं की मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

"आणि जुळलं तर?" तिने विचारलं.

खरं सांगतो, याचा मी विचार केला नव्हता.

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हणालो.

"म्हणजे माझ्या लग्नाचा निर्णय कुरिअरने येणार."

"अगं, शास्त्र आहे ते. तूच शिकवतेस ना?"

"मी मटाराच्या झाडांवर शिकवते, बाबा. मटारांना लग्न मोडल्याचं वाईट वाटत नाही."

आत्याने मात्र मान्य केलं. तिला सगळं समजलं असं नाही, पण थुंकीवरून कुळ कळतं हे तिला एकदम पटलं. काडी गालावर फिरवायची असते, थुंकायचं नसतं, हे मी तिला चारदा सांगितलं. ती थुंकीच म्हणत राहिली.

तर डिसेंबरात एका सकाळी मी बसने शहपुऱ्याला गेलो. निघताना मुलीने बजावलं होतं: हो म्हणू नका, नाही म्हणू नका, काडी फिरवा आणि परत या. डबीवरच्या सूचनाही मी पाठ केल्या होत्या. नमुना घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू नाही. मुलाच्या वडिलांना फोनवर सांगून ठेवलं होतं. ते गडी तंबाखूचे. ऐकून म्हणाले, "पूरा एक घंटा?"

मटाराचा हंगाम होता. घरासमोर पोत्यांची थप्पी, अंगणात हिरव्या शेंगांचा ढीग, त्यातून वाट काढत मी ओट्यावर पोचलो. मुलाचे वडील शेतावर गेलेले, मुलगा जबलपुरात नोकरीवर. घरात मुलाची आई आणि दोनतीन नात्यातल्या बाया. त्यांनी मला खुर्ची दिली. आणि मुलाची आई ताटलीत पाण्याचा पेला आणि गूळ घेऊन आली.

"पानी लीजिए।"

"नहीं नहीं। पानी नहीं लूँगा," मी हात जोडून म्हणालो. मनात डबीवरचा नियम.

"थोड़ा सा तो लीजिए। इतनी दूर से आए हैं।"

"नहीं बहनजी, माफ़ कीजिए। यहाँ एक घूँट भी नहीं ले सकता।"

ती बाई जागच्या जागी थांबली. पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ताटली घेऊन आत गेली. मला वाटलं रागावली. आतून कुजबुज ऐकू आली, मग कुणीतरी हसलं, मग भांडी पडल्याचा आवाज. मी विचार केला, मालक येईपर्यंत आपला नमुना तरी उरकून घ्यावा. काडी काढली आणि गालात घालून फिरवू लागलो. एक मिनिट फिरवायची, म्हणून मनात साठ मोजत होतो. मोजताना माझी मान हलते. कारखान्यात सगळे हसायचे. वर-खाली, वर-खाली, एका आकड्याला एकदा.

अठरा-एकोणीस झाले असतील, तेवढ्यात सगळ्या बाया बाहेर आल्या. पुढे मुलाची आई, हातात नारळ. डोळे भरलेले.

"तो भैयाजी, हम लोग रिश्ता पक्का समझें?"

मी वीस मोजलं. एकवीस मोजलं. बावीस.

जबलपूर आणि आजूबाजूला राहणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको, पण मी तिथेच जन्मलो आणि मलाच ते त्या क्षणी आठवलं नाही: मुलीचे आईवडील मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत. जुन्या घरांत अजून पाळतात. मुलीचा बाप एखाद्या घरी येऊन, ओट्यावर बसून, हात जोडून, एक घोटही नको म्हणतो, याचा तिथे एकच अर्थ होतो. त्या घराला त्याने आपल्या मुलीचं घर मानलं. आणि मी नुसतं मानलं नाही, चांगली चाळीस वेळा मान हलवून कबूल केलं.

साठ होऊन काडी तोंडातून निघेपर्यंत नारळ फुटला होता, माझ्या कपाळाला कुंकू लागलं होतं आणि खांद्यावर शाल होती. मी "सुनिए, वो ऐसा है" एवढं म्हणालो, तर त्यातल्या एका बाईने व्याही लाजले असं समजून "समधीजी शरमा गए" म्हणत ढोलकी शोधायला कुणालातरी पिटाळलं. आता सांगा, अशा वेळी माणूस काय बोलेल? मी नळीचं झाकण घट्ट लावलं.

मुलाचे वडील शेतावरून आले. त्यांनी शाल पाहिली, नारळ पाहिला, माझ्या हातातली नळी पाहिली. त्यांना पाण्याचं खरं कारण माहीत होतं. सगळ्या घरात तेवढ्या एकट्यांनाच. ते हळूच म्हणाले, "आपने पानी जाँच की वजह से मना किया होगा।"

"जी," मी म्हणालो. मला जीव वाचल्यासारखं झालं.

"अब मैं इन लोगों को नहीं बता सकता। आप बता दीजिए।"

मी आत पाहिलं. मुलाची आई फोनवर होती आणि रडत हसत होती. मी नाही सांगितलं.

"तो फिर ये जाँच रहने दें?" मी विचारलं.

"काहे? एक घंटे से तंबाकू नहीं खाई है मैंने।" त्यांनी गाल पुढे केला. "चलो, घुमाओ।"

मी घरी आलो ते शाल पांघरून आणि दहा किलो मटार घेऊन. मुलीला बातमी माझ्याआधी पोचली होती. ती दारातच उभी होती, आणि लहानपणी निकालाच्या दिवशी दिसायची तशी दिसत होती.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

इथे मला नुसतं "हो" म्हणता आलं असतं. ती संधी चालून आली होती, शालीसकट. पण मी तिघींसमोर बसून, मटार सोलत, सगळं क्रमवार सांगितलं. पाणी, नियम, साठपर्यंत मोजणं. आणि शेवटी म्हणालो, "तेव्हा तसं ठरलं असं नाही. अहवाल आला की बघू."

मुलीने हातातली शेंग परातीत टाकली आणि आत निघून गेली. आणि बायकोने त्या दिवसापासून दीड महिना मटाराशिवाय दुसरी भाजी केली नाही.

हा दीड महिना कसा गेला ते विचारू नका. शहपुऱ्याहून रोज "समधीजी, नमस्ते" असा फोन यायचा आणि मी तो स्नानगृहात जाऊन घ्यायचो. मुलगी माझ्याशी बोलायची, पण तीन शब्दांपुढे नाही. जेवण वाढलंय, बाबा. फोन आलाय, बाबा. आत्या रोज विचारायची, "आली का रे थुंकीची चिठ्ठी?" मला स्वप्नात दोन नळ्या दिसायच्या आणि त्यातली माझी कुठली ते कळायचं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मला काय यायला हवंय तेच मला ठरवता येईना. जुळलं तर आडनावाचा एक भाऊ सापडणार आणि मुलगी हातची जाणार. नाही जुळलं तर मुलीचं भलं होणार आणि आडनावाचा घोळ दुप्पट. लाज वाटते लिहायला, पण एकदोन दिवस मी दोन्ही बाजू समान धरत होतो.

अहवाल मेलवर आला. घरी उघडायचा धीर होईना, म्हणून सदर बाजारात जाऊन छापून घेतला. बारा पानं. पहिल्या पानावर दोन रकाने, एक माझा, एक त्यांचा, आणि खाली आकडे. पहिली ओळ, तेरा आणि तेरा. दुसरी, चोवीस आणि चोवीस. तिसरी वेगळी, पण चौथी पुन्हा सारखी. मी तिथेच एका दुकानाच्या बाकावर बसलो. जुळतंय. आणि मला पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, नीट कळलं की मला काय नको आहे. मी खव्याची जिलबी मागवली, कारण काहीतरी करायला हवं होतं, आणि चार खाल्ल्या. कागदांवर पाक सांडला.

घरी येऊन ते चिकट कागद मुलीपुढे ठेवले. म्हणालो, "सॉरी."

तिने पहिलं पान पाहिलंच नाही. थेट शेवटचं काढलं, वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"कशाबद्दल सॉरी?"

"जुळलं ना. तेरा-तेरा, चोवीस-चोवीस..."

"बाबा, एवढं तर तुमचं आणि आपल्या दूधवाल्याचंही जुळेल. इथे लिहिलंय बघा. दोन्ही घराण्यांचा बापाकडून काहीही संबंध नाही. हजारो वर्षांत नाही."

मी एवढा खूश झालो की आणखी एक चूक केली. ताबडतोब शहपुऱ्याला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "बधाई हो समधीजी! हमारा ख़ून बिलकुल अलग निकला!"

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"अलग मतलब?" मुलाचे वडील म्हणाले.

"मतलब आपका-हमारा ख़ानदान एक नहीं है।"

"नाम तो एक है।"

"हाँ, नाम एक है।"

"तो किसका असली है?"

आता यावर "दोघांचंही" म्हणायला काय हरकत होती? पण मी तपासणी विभागातला माणूस. मी म्हणालो, "ये तो इस रिपोर्ट से पता नहीं चलता। आगे और जाँच करानी पड़ेगी।"

त्यांनी फोन ठेवला. एवढे दिवस आपण एका घरचे निघतो की काय म्हणून मी घाबरलो होतो, आणि आता आपण एका घरचे नाही म्हणून ते दुखावले गेले होते. आत्याचं वेगळंच. तिला आनंद झाला की पोरीचं लग्न भाऊबंदात नाही, आणि पाच मिनिटांनी ती म्हणाली, "मग त्या लोकांनी आपलं आडनाव घेतलं कुठून?" मी म्हणालो, कदाचित आपणच त्यांचं घेतलं असेल. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या फोनमुळे मुलगी आधीच पुन्हा रुसलेली, त्यामुळे घरात आता माझ्याशी बोलणारी फक्त बायको उरली, आणि तिचं बोलणं मी इथे देत नाही.

रविवारी मुलाचे आईवडील आले. न कळवता. मुलाच्या वडिलांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि गालात तंबाखू नव्हती, त्यावरून मला कळलं की काम गंभीर आहे. बसायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"देखिए, हम छोटी जगह के लोग हैं। मराठी भी हमारी टूट गई। आपको लगता होगा नाम कहीं से उठा लिया। लगता हो तो आज कह दीजिए। लड़का हमारा कल को किसी के घर में नीचा बनके नहीं रहेगा।"

मुलाची आई त्यांच्या बाहीला धरून खाली बसवत होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला बोलायचं होतं ते सगळं डोक्यातून गेलं. उरलं ते चौतीस वर्षांच्या सवयीचं.

"तसं नाही, ऐसा नहीं है," मी म्हणालो. "एक मार्ग आहे. महाराष्ट्रात या आडनावाचा तिसरा कोणी सापडला, आणि त्याचा नमुना मिळाला, तर दोघांतलं मूळ कुठलं..."

"बाबा."

मी थांबलो.

"मी तुम्हाला काय विचारलं होतं?" मुलगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्याला दुसऱ्यांदा विचारावं तसा. "पहिल्या दिवशी. काय विचारलं होतं?"

"मुलगा पसंत आहे, म्हणालीस. आम्हाला... मला चालेल का."

"मग त्याचं उत्तर अजून आलेलं नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या कुर्त्याच्या खिशात घडी घातलेले कागद दिसत होते. त्यांनीही अहवाल छापून घेतला होता, आणि कडा मळेपर्यंत वाचला होता. त्यांनाही माझ्यासारखंच काही कळलं नसणार. हा माणूस आणि मी, हजारो वर्षांत संबंध नाही म्हणे.

"चालेल," मी म्हणालो. मग मुलाच्या वडिलांकडे वळून पुन्हा म्हणालो. "हाँ। मेरी तरफ़ से हाँ है। मूळ तुमचं असो की आमचं. और आपका ही असली होगा, मुझे कोई एतराज़ नहीं।"

मुलाच्या वडिलांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. तोंडात चिमूट गेल्यावर त्यांचा चेहरा सैल पडला. मुलाची आई म्हणाली, "अच्छा ही है। बहू का आधार, पैन, कुछ बदलना नहीं पड़ेगा।" मुलगी हसली आणि मग तोंड वळवून आत गेली, चहाचं आधण ठेवायला. तिची आई तिच्यामागे.

आत्या हे सगळं पलंगावर बसून ऐकत होती. हिंदी तिला उत्तम येते, पण मला सुनवायचं असलं की ती मराठीतच बोलते.

"काहून रे," ती म्हणाली, "एवढं एक हो म्हणायला तुला दोन बाप्यांची थुंकी लागली?"